दोन रेघा जिथे छेदतात

"बाई, कान्होजी आंग्रे चाचे होते का?"

आठवीच्या वर्गात हा प्रश्न आला तेव्हा तास संपायला पाच मिनिटं उरली होती. विचारणाऱ्या मुलाने सुट्टीत मुंबईला मामाकडे एक इंग्रजी पुस्तक चाळलं होतं. त्यात आंग्र्यांच्या नावापुढे समुद्री लुटारूंसाठी वापरतात तो शब्द होता. ज्यांच्या अलिबागच्या समाधीपाशी आम्ही दर वर्षी मुलांना नेतो, त्यांच्याबद्दल असं छापलेलं पाहून तो गडबडून गेला होता. मी अनेक शिक्षक देतात तेच उत्तर दिलं. "दोन्ही बाजू ऐकायच्या. खरं कुठेतरी मधे असतं."

तो थोडा वेळ विचार करत उभा राहिला. मग म्हणाला, "म्हणजे अर्धे चाचे?"

वर्ग हसला, मीही हसले. घंटा झाली. पण तो हसण्यावारी नेण्यासारखा प्रश्न नव्हता, हे मला घरी जाताना कळलं. वीसेक वर्षं मी मुलांना 'खरं मधे असतं' असं सांगत आले होते. निःपक्षपातीपणा म्हणजे दोन टोकांच्या बरोबर मधोमध उभं राहणं, हे मी कधी तपासूनच पाहिलं नव्हतं.

मी इतिहास आणि भूगोल शिकवते ती शाळा रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदीच्या मुखाजवळ आहे. ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कुंडलिका सह्याद्रीत उगम पावते, रोह्यावरून खाली येते आणि रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते. मुखाच्या उत्तरेला रेवदंडा आणि त्याला लागून चौल. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात ज्या बंदराचं नाव येतं, अरब प्रवासी ज्याला सैमूर म्हणत, तेच हे चौल. मुखाच्या दक्षिणेला समुद्रात घुसलेली कोर्लईची टेकडी, तिच्यावर किल्ला, उतारावर दीपगृह आणि पायथ्याशी गाव. एवढ्याशा जागेत कोळी, आगरी, माळी, मुसलमान, ख्रिस्ती आणि एके काळी बरीच बेने इस्राएल कुटुंबंही राहत आली. त्यांतली बहुतेक आता इस्रायलला गेली आहेत. रेवदंड्याला सिनेगॉग आहे. माझ्या वर्गाच्या हजेरीपटावर या मुखातून आत आलेला निम्मा इतिहास आडनावांच्या रूपाने बसलेला असतो.

आधी कान्होजींचं पाहू. इंग्रजांच्या कागदपत्रांत ते चाचे आहेत. मराठ्यांच्या दृष्टीने ते सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख. त्यांचं म्हणणं असं, की या किनाऱ्यावरून व्यापार करायचा तर त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घ्यायला हवा. ज्या जहाजाकडे दस्तक नाही ते धरलं जाई. आता गंमत अशी, की पोर्तुगीज सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून नेमकं हेच करत होते. त्यांच्या परवान्याला कार्ताझ म्हणत आणि कार्ताझ नसलेलं जहाज ते जप्त करत. इंग्रज कंपनीही स्वतःचे परवाने देई. भांडण पुष्कळदा इथेच होतं, की हिंदी व्यापाऱ्याच्या मालाला इंग्रजांचा परवाना लागू होतो की नाही. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर चढाई केली, ती फसली. कान्होजी १७२९ साली वारले.

हे सगळं मांडल्यावर 'अर्धे चाचे' या उत्तराचा पोकळपणा दिसतो. इंग्रजांचे कागद खोटे नाहीत. जहाजं धरली गेली होती, माल गेला होता, माणसं कैदेत होती. मराठ्यांचं म्हणणंही खोटं नाही. स्वतःच्या पाण्यावर हक्क सांगणारी ती एक सत्ता होती. दोन्ही साक्षी आपापल्या जागी पुऱ्या खऱ्या असू शकतात. त्यांची बेरीज करून दोनने भागलं तर हाती येतं ते कुणीच पाहिलेलं नसतं.

मग मधोमध नाही, तर कुठे? याचं उत्तर मला पुस्तकात सापडलं नाही, दीपगृह शिकवताना सापडलं.

दीपगृहाबद्दल मुलांची एक समजूत असते, आणि मोठ्यांचीही, की ते जहाजाला वाट दाखवतं. भाषणांतून आपण शिक्षकाला 'दीपस्तंभ' म्हणतो तेव्हा हाच अर्थ मनात असतो. प्रत्यक्षात दीपगृह वाट दाखवत नाही. जहाज कुठे निघालंय हे त्याला माहीतच नसतं. ते फक्त एवढं सांगतं की मी अमुक दिवा आहे आणि इथे आहे. प्रत्येक दिव्याची उघडझाप वेगळी ठरवलेली असते. किती सेकंदांनी किती झोत, याची नोंद छापील यादीत असते. नाविक झोत मोजतो, यादी पाहतो आणि ओळखतो की हा कोर्लईचा, तो खांदेरीचा. पुढचं काम त्याचं. होकायंत्रातून तो दिव्याची दिशा घेतो आणि नकाशावर त्या दिव्यापासून तेवढ्या कोनात रेघ ओढतो. आपण या रेघेवर कुठेतरी आहोत, इतकंच त्याला एका दिव्यावरून कळतं. किनाऱ्यापासून एक मैलावर की दहा, हे नाही. त्यासाठी दुसरा दिवा लागतो. त्याचीही रेघ ओढायची. दोन रेघा जिथे छेदतात तिथे जहाज आहे.

ही जागा दोन दिव्यांच्या मधोमध नसते. दिवे दोन्ही किनाऱ्यावर असतात आणि जहाज बाहेर समुद्रात. दोन दिव्यांच्या मधोमध जहाज न्यायचं म्हटलं तर ते बहुधा वाळूत रुतेल.

हे मी मुलांना फळ्यावर शिकवलं आणि मग होडीतून खाडीत नेऊन करून घेतलं. दिवसा दिवे नसतात, म्हणून आम्ही कोर्लईच्या टेकडीचं टोक आणि साळावच्या पुलाचं एक टोक धरलं. शाळेतलं साधं होकायंत्र, हलणारी होडी. रेघा काही नीट छेदेनात. एका गटाच्या हिशोबाने आम्ही रेवदंड्याच्या बाजारात होतो. होडीवाले काका हसून म्हणाले, "बाजारात आहात तर भाजी घेऊन या." पण एका मुलीच्या लक्षात आलं ते महत्त्वाचं होतं. ती म्हणाली, "बाई, मोजायचं काम टेकडी नाही करत. होडीत बसलेल्याने करायचंय."

ती मुलगी कोर्लई गावची. तिच्याबद्दल आता सांगायलाच हवं, कारण या लेखाचं कारण ती आहे.

होडीच्या त्या दिवसाआधी दोन महिने मी याच वर्गाला कोर्लईच्या किल्ल्यावर नेलं होतं. वर उभं राहून मी नेहमीचं सांगितलं. पोर्तुगीजांनी १५९४ साली ही टेकडी अहमदनगरच्या निजामशाहीकडून जिंकली, किल्ला वाढवला, खाडीच्या तोंडावर पहारा बसवला. त्यांनी कार्ताझच्या जोरावर इथला व्यापार मुठीत ठेवला. गोव्यात १५६० साली त्यांचं इन्क्विझिशन सुरू झालं होतं, तेही सांगितलं. वसई पडल्यानंतर १७४० साली हा किल्ला मराठ्यांकडे आला. आणि मग मी म्हणाले, "परक्यांनी बांधलेला किल्ला शेवटी आपण घेतला." मुलांनी टाळ्या वाजवल्या.

पायथ्याच्या गावातल्या ख्रिस्ती कुटुंबांची घरची बोली पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिलाफातून झाली आहे. तिला तिथली माणसं 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. ती बोलणारी माणसं सुमारे हजारभर. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमंट्स यांनी तिच्यावर एक पुस्तकच लिहिलं आहे. तिचे शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण मराठीसारखी. क्रियापद शेवटी येतं. पोर्तुगीज १७४० साली गेले, त्यानंतर जवळजवळ पावणेतीनशे वर्षं ही बोली फक्त बोलणाऱ्यांच्या बळावर टिकली. ती घरात बोलणारी ही माझी विद्यार्थिनी.

टेकडी उतरताना तिचा धाकटा भाऊ समोरून आला. एरवी ती त्याच्याशी आपल्या बोलीत बोलते. त्या दिवशी ती मराठीत बोलली. मागून एक मुलगा म्हणाला, "ही तर पोर्तुगीजच आहे." मी त्याला रागावले आणि विषय संपला असं समजले. चार दिवसांनी वह्या तपासताना तिच्या वहीत, सहलीच्या वर्णनाखाली, पेन्सिलीने लिहिलेलं एक वाक्य सापडलं. 'बाई, आपण म्हणजे कोण?'

मराठी न बोलणाऱ्या वाचकांना इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भाषेत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. 'आम्ही जेवलो' म्हणजे आम्ही जेवलो, तुम्ही त्यात नाही. 'आपण जेवलो' म्हणजे तुम्हीसुद्धा. द्राविडी भाषांतही हा भेद आहे. हिंदी, बंगालीला तो या रीतीने करता येत नाही. मला तो फार आवडतो. ऐकणाऱ्याला बरोबर घेण्यासाठी आमच्याकडे वेगळा शब्दच आहे. आणि मी टेकडीवर तोच वापरला होता. 'आम्ही घेतला' म्हणाले असते तर तिला निदान रागावता तरी आलं असतं. 'आपण घेतला' म्हणून मी तिला बरोबर घेतलं, आणि तिचंच घर जिंकून झाल्याच्या आनंदात टाळ्या वाजवायला लावल्या.

मी खोटं काही बोलले नव्हते. साल बरोबर, घटना बरोबर. मी एका दिव्यावरून रेघ ओढली होती आणि त्या रेघेलाच आमची जागा समजले होते. तिच्या घरून तीच टेकडी पाहिली तर काय दिसतं? मी तिला विचारलं, की आजीला विचारून येशील का. आजीचं उत्तर तिने चार शब्दांत आणलं, "ते गेले, आम्ही राहिलो." आणि खरंच, पोर्तुगीज गेले तेव्हा ही माणसं कुठे जाणार? ती बरीचशी इथलीच होती; धर्म बदललेली, किल्ल्याच्या चाकरीत असलेली. किल्ला कुणाचाही असो, त्यांचं घर पायथ्यालाच होतं.

पण इथेही मधोमध जाण्याचा मोह होतो. 'तू अर्धी पोर्तुगीज, अर्धी मराठी' असं तिला म्हणणं म्हणजे पुन्हा 'अर्धे चाचे'च. खाडी शिकवताना मी दर वर्षी विचारते, "खाडीचं पाणी खारं की गोडं?" मुलं उत्तर लिहितात, "मचूळ." गुण मिळतात. पण मचूळ हेही सरासरीचंच उत्तर आहे. साळावच्या पुलाखाली तुम्ही पाणी कधी चाखता त्यावर सगळं आहे. मे महिन्यात, भरतीच्या वेळी ते जवळजवळ समुद्राचं असतं. जुलैत नदीला पूर आला की वरचं पाणी गोडं आणि तळाशी खारं, कारण खारं पाणी जड असतं आणि ते खालून आत शिरतं. दर सव्वाबारा-साडेबारा तासांनी भरती येते आणि सगळं पुन्हा बदलतं. खाडी म्हणजे अर्धी नदी आणि अर्धा समुद्र नव्हे. नदी आणि समुद्र दोन्ही तिथे पूर्ण ताकदीनिशी येतात. मासे, कालवं, तिवरं तिथे वाढतात ती या रोजच्या बदलाला सरावलेली असतात, सरासरीला नव्हे. त्या मुलीच्या तोंडी पोर्तुगीज शब्द पूर्ण आहेत आणि मराठी ठेवणही पूर्ण आहे. वजा काही झालेलं नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो मला एका पालकाने शाळेत येऊन ऐकवला. ते म्हणाले, "बाई, पोरांना कशाला घोळात घालता? परीक्षेत काय लिहायचं ते सांगा." मी त्यांना झटकून टाकू शकले नाही. तेरा वर्षांच्या मुलाला काहीतरी ठाम हवं असतं, आणि त्यात चूक नाही. शिवाय या विचारात एक खरा धोका आहे. ज्याची त्याची रेघ खरी म्हणत गेलं तर उद्या कुणीही उठून म्हणेल, की माझ्या घरून पाहिलं तर जुलूम हा जुलूम नव्हताच.

याचं उत्तर पुन्हा दीपगृहानेच दिलं. दीपगृह उभारतात ते बहुधा जिथे खडक आहे तिथे, आणि खडक सगळ्या झेंड्यांसाठी खडकच असतो. इंग्लंडच्या एडिस्टन खडकावरच्या पहिल्या दीपगृहाची एक गोष्ट मी मुलांना सांगते. १६९७ साली, काम चालू असताना, शत्रुपक्षाच्या फ्रेंच जहाजाने ते बांधणाऱ्या हेन्री विन्स्टन्लीला पकडून नेलं. सांगतात, की फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने त्याला सोडून द्यायला लावलं. आपलं युद्ध इंग्लंडशी आहे, माणुसकीशी नाही, अशा अर्थाचं तो म्हणाला. राजाचं मन किती मोठं होतं कोण जाणे. पण फ्रेंच जहाजंही त्याच खडकावर फुटणार होती, हे त्याला नक्की कळत असणार. पाहणाऱ्याची जागा बदलली तर दिशा बदलते, खडक जागचा हलत नाही. पूर्व आफ्रिकेतून माणसं धरून आणून या किनाऱ्यावर विकली गेली, हा खडक आहे. धर्मावरून माणसाचा छळ झाला, हा खडक आहे. कैदेत माणसं मेली, मग कैद पोर्तुगीजांची असो, इंग्रजांची असो वा आपल्यापैकी कुणाची, हाही खडकच. दिशा घेण्याचा सगळा खटाटोप खडक नाहीसे करण्यासाठी नसतोच. आपण त्यांच्यापासून किती अंतरावर आहोत हे कळावं म्हणून असतो.

त्या पालकांना मी एवढंच म्हणाले, की साल, नाव, घटना यांत मी मुलांना घोळात घालणार नाही, ते पक्कं करून घेईन. पण त्यापुढे आपण कोण, हे मी त्यांच्या वतीने ठरवू शकत नाही. त्यांचं समाधान झालं नाही. माझंही पुरतं झालं असं नाही.

नाविकांची आणखी एक रीत आहे, ती मला उशिरा कळली. दोनऐवजी तीन खुणांवरून रेघा ओढल्या तर त्या सहसा एका बिंदूत मिळत नाहीत. हात हलतो, होकायंत्र चुकतं, आणि नकाशावर छोटा त्रिकोण उरतो. जहाज या त्रिकोणात नेमकं कुठे? इथे मधला बिंदू घ्यावासा वाटतो. पण जवळ खडक असेल तर जाणता नाविक तसं करत नाही. त्रिकोणाचा जो कोपरा खडकाच्या सर्वांत जवळ, आपण तिथेच आहोत असं धरून तो पुढचं ठरवतो. चूक झालीच तर ती खडकापासून दूर नेणारी व्हावी.

वर्गात मी हे स्वतःपुरतं नियम म्हणून धरलं आहे. माझ्या बोलण्याने कुणाला लागलं की नाही याची खात्री नसेल, तर लागलं आहे असं धरायचं. आपल्या माणसांनी अन्याय केला की नाही हे कागदांवरून स्पष्ट होत नसेल, तर आपण निर्दोष होतो या कोपऱ्यात जाऊन बसायचं नाही. हा मधला मार्ग नाही; कधी कधी तो आपल्यालाच जड जातो. पण तीस मुलं होडीत असताना नाखव्याने स्वतःच्या सोयीचा कोपरा निवडू नये.

ती मुलगी दहावी होऊन पुढच्या शिक्षणासाठी गेली. जाण्याआधी तिने वर्गाला आपल्या बोलीत एक ते दहा आकडे शिकवले. 'ही तर पोर्तुगीजच' म्हणणारा मुलगा त्यात सगळ्यांत पुढे होता. किल्ल्यावर मी अजूनही सालं सांगते, त्यातलं एकही गाळलेलं नाही. १७४० पाशी आले की म्हणते, "किल्ला मराठ्यांकडे आला, पोर्तुगीज गेले, आणि खालच्या गावातली माणसं राहिली." या वाक्यावर कुणी टाळ्या वाजवत नाही. मुलं कठड्यावरून वाकून खाली गाव दिसतं का ते पाहतात.

आणि सहामाहीच्या पेपरात मी तो जुना प्रश्न जरा बदलला आहे. 'खाडीचं पाणी खारं की गोडं?' याऐवजी आता विचारते, 'खाडीचं पाणी खारं की गोडं, हे सांगण्याआधी तुम्ही काय काय विचाराल?' गेल्या वर्षी एका मुलाने लिहिलं होतं, "आधी विचारीन, कोण चाखणार आहे." भूगोलाच्या दृष्टीने हे उत्तर चूक आहे, पाण्यातलं मीठ चाखणाऱ्यावर ठरत नाही. मी अर्धा गुण दिला, मग बराच वेळ त्या अर्ध्या गुणाकडेच बघत बसले.